बाकेन तेलक्षेत्र

बाकेन तेलक्षेत्र : अमेरिकेतील नॉर्थ डकोटा व मोंटॅना ही राज्ये आणि कॅनडातील सस्कॅचेवन व मॅनिटोबा हे प्रांत यांच्या भूगर्भात पसरलेल्या बाकेन शैलसमूहातील खनिज तेलाचे क्षेत्र. हा शैलसमूह विलिस्टन द्रोणी या गाळखडकांच्या विस्तीर्ण खोऱ्यात मोडतो. साधारणपणे २००६ ते २०१४ या काळात येथे तेलविहिरींची मोठी लाट आली. तिच्या जोरावर नॉर्थ डकोटाने २०१२ मध्ये अलास्काला मागे टाकले आणि तेलोत्पादनात टेक्ससखालोखाल स्थान मिळविले. राज्याचे दैनिक उत्पादन एप्रिल २०१४ मध्ये १० लाख बॅरलच्या पुढे गेले व २०१९ च्या अखेरीस सु. १५ लाख बॅरलपर्यंत पोचले.

भूविज्ञान : बाकेन शैलसमूह डेव्होनियन कल्पाच्या अखेरीस व मिसिसिपियन कल्पाच्या आरंभी, म्हणजे सु. ३६ कोटी वर्षांपूर्वी, साचला. तो जमिनीवर कोठेही उघडा पडलेला नाही, त्यामुळे त्याचा सगळा अभ्यास विहिरींतून काढलेल्या खडकांच्या गाभ्यांवर झाला. विल्यम्स परगण्यातील बाकेन कुटुंबाच्या शेतात अमेराडा पेट्रोलियम कंपनीने खोदलेल्या विहिरीवरून जे. डब्ल्यू. नॉर्डक्विस्ट यांनी १९५३ मध्ये त्याचे पहिले रीतसर वर्णन केले. जाडी फार नाही, जास्तीत जास्त सु. ४५ मी. गाभा हाती घेतला की तीन थर नजरेनेच वेगळे ओळखता येतात : वर व खाली सेंद्रिय द्रव्याने भरलेला काळाकुट्ट शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला, पापुद्रे सुटणारा खडक) आणि मध्ये पंकाश्म, वालुकाश्म व डोलोमाइट यांचा करडा थर. वर्तमानपत्रांत हे तेल शेलमधून काढतात असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात ते शेलमध्ये तयार होते, पण विहिरी मुख्यतः मधल्या करड्या थरात आणि बाकेनखालच्या थ्री फोर्क्स शैलसमूहात खोदल्या जातात. मुंबई हायच्या चुनखडकातून तेल विहिरीकडे वाहत येते. याउलट बाकेनच्या खडकाची पार्यता (द्रव आरपार जाऊ देण्याची क्षमता) इतकी क्षीण आहे की तो फोडल्याशिवाय तेल पुरेशा प्रमाणात हाती लागत नाही.

साठ्याचा वाद : बाकेनमध्ये तेल आहे याविषयी १९५० च्या दशकापासूनच कोणाला शंका नव्हती. वाद होता तो किती तेल तयार झाले आणि ते गेले कुठे, याचा. भूवैज्ञानिक वॉलेस डाऊ यांनी १९७४ मध्ये सु. १,००० कोटी बॅरल तेल तयार झाल्याचा अंदाज केला आणि त्याच सुमाराच्या संशोधनाने असे मत रूढ केले की, हे तेल वर सरकून मॅडिसन गटाच्या चुनखडकांत साचले. श्मोकर व हेस्टर यांनी १९८३ मध्ये हा आकडा १३,२०० कोटींवर नेला. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील भूरसायनज्ञ ली प्राइस यांनी त्याहून मूलगामी भूमिका घेतली. बाकेनचे तेल मॅडिसनमध्ये गेलेलेच नाही, ते बाकेनमध्ये आणि त्याला लागून असलेल्या खडकांतच अडकून आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी २७,१०० ते ५०,३०० कोटी बॅरलचा अंदाज मांडला. त्यांचा हा निबंध परीक्षणाचे सोपस्कार पूर्ण होण्याआधीच २००० मध्ये त्यांचे निधन झाले आणि तो अप्रकाशित राहिला. पुढे कित्येक वर्षे या आकड्याचा आधार घेऊन अतिरंजित दावे होत राहिले, हा प्राइस यांच्यावर अन्यायच होय. खडकात असलेले तेल आणि बाहेर काढता येण्याजोगे तेल या दोन निराळ्या राशी आहेत. सर्वेक्षण संस्थेने १९९५ मध्ये काढता येण्याजोगे तेल केवळ १५.१ कोटी बॅरल धरले होते. २००८ मध्ये तिने ते ३०० ते ४३० कोटी बॅरल ठरविले आणि २०१३ मध्ये थ्री फोर्क्स धरून सु. ७४० कोटी. प्राइस यांचे एकूण आकडे आज चढे वाटतात, मात्र तेल फारसे दूर गेले नाही हे त्यांचे मूळ प्रतिपादन नंतरच्या भूरासायनिक तुलनांशी अधिक जुळते. मॅडिसनमधील बहुतांश तेलाचा उगम त्याच गटातील खडकांत असल्याचे या तुलनांतून दिसून आले.

लाटेचा आरंभ : नॉर्थ डकोटात तेल प्रथम ४ एप्रिल १९५१ रोजी टायोगाजवळ अमेराडाच्याच एका विहिरीत लागले, पण ते बाकेनचे नव्हते. बाकेनमधील पहिली आडवी विहीर मेरिडियन ऑइल कंपनीने १९८७ मध्ये वरच्या शेलमध्ये खोदली. नैसर्गिक भेगांवर विसंबलेला तो प्रयत्न १९९० च्या दशकात ओसरला. नव्या लाटेचा आरंभ कोठून धरावा यावर एकमत नाही. काँटिनेंटल रिसोर्सेस कंपनी डिव्हाइड परगण्यातील आपल्या २००४ च्या विहिरीकडे बोट दाखविते. अनेक लेखक २००६ मध्ये ईओजी रिसोर्सेसने पार्शल येथे खोदलेली विहीर हाच आरंभ मानतात. तथापि, मधला थर हेच लक्ष्य, ही कल्पना त्याआधीची आहे. भूवैज्ञानिक रिचर्ड फिंडले यांना १९९६ मध्ये मोंटॅनातील एका विहिरीत, दुसराच थर शोधत असताना, मधल्या बाकेनमध्ये तेलाच्या खुणा आढळल्या. त्यातून लायको एनर्जी व हॅलिबर्टन या कंपन्यांच्या साहाय्याने २००० मध्ये एल्म कूली क्षेत्र विकसित झाले. लाटेचे मूळ तेथे शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

तंत्र : विहीर आधी सु. ३ किमी. सरळ खाली जाते, मग वळण घेऊन आणखी सु. ३ किमी. आडवी धावते. पातळ थरातून वेधनाचे टोक बाहेर जाऊ न देणे हे मोठे कौशल्य आहे. टोकामागचे उपकरण खडकातून येणारे गॅमा किरण सतत मोजत असते. काळ्या शेलमध्ये हे मान एकदम चढते, की वेधक टोकाची दिशा सुधारतो. त्यानंतर आडव्या भागाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यात प्रचंड दाबाने पाणी व वाळू सोडतात. पाण्याने खडक फुटतो आणि वाळूचे कण भेगा मिटू देत नाहीत. वाळू तळाशी बसू नये म्हणून पाणी दाट करावे लागते, व त्यासाठी लाटेच्या काळात वापरला जाणारा मुख्य पदार्थ म्हणजे गवारीच्या बियांपासून मिळणारा डिंक. जगातील बहुतांश गवार भारतात, मुख्यतः राजस्थानात, पिकते. त्यामुळे अमेरिकेतील या मागणीने २०११-१२ मध्ये भारतातील गवारीचे भाव इतके भडकले की मार्च २०१२ मध्ये वायदेबाजार आयोगाला गवार व गवार डिंकाचे वायदे थांबवावे लागले. अशा विहिरीचे उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येते. म्हणूनच उत्पादन नुसते टिकवायचे तरी खोदकाम अखंड चालू ठेवावे लागते.

कंपन्या : या लाटेत पुढाकार जागतिक बड्या कंपन्यांचा नव्हता, मध्यम आकाराच्या स्वतंत्र कंपन्यांचा होता. हॅरल्ड हॅम यांची काँटिनेंटल, पूर्वी एन्रॉनचा भाग असलेली ईओजी, तसेच व्हाइटिंग, ओएसिस व ब्रिगम या त्यांपैकी प्रमुख. हेस कंपनी अमेराडाच्या वारशामुळे येथे आधीपासूनच होती. नॉर्वेच्या स्टॅटऑइलने २०११ मध्ये ब्रिगम विकत घेतली आणि २०२१ मध्ये, इक्विनॉर या नव्या नावाने, येथून काढता पाय घेतला. भारतात भूगर्भातील तेलावर सरकारचा हक्क असतो. अमेरिकेत खनिजहक्क बहुधा खाजगी असतात व जमिनीपासून वेगळे विकताही येतात. त्यामुळे कंपन्यांना शेतकऱ्यांशी थेट करार करून झपाट्याने भाडेपट्टे मिळविता आले. विस्तार मुख्यतः कर्जावर झाला होता. मे २०१२ मध्ये नॉर्थ डकोटात २१८ रिग (विहिरी खोदणारी यंत्रे) चालू होत्या, २०१६ च्या मंदीत त्या ३० च्याही खाली आल्या. व्हाइटिंग व ओएसिस २०२० मध्ये दिवाळखोरीत गेल्या आणि सावरल्यावर २०२२ मध्ये एकत्र येऊन कॉर्ड एनर्जी झाल्या. जुलै २०२५ मध्ये शेव्हरॉनने हेस ताब्यात घेतली.

वाहतूक व पर्यावरण : विहिरी वाढल्या त्या वेगाने नळमार्ग झाले नाहीत. तेलाबरोबर निघणाऱ्या वायूपैकी सु. एक तृतीयांश वायू २०११ च्या सुमारास जागेवरच जाळला जात होता. तेल रेल्वेने जाई. न्यू टाउन येथे भरलेली अशीच एक गाडी ६ जुलै २०१३ रोजी कॅनडातील लाक-मेगांटिक गावात रुळांवरून घसरून पेटली व ४७ जण मृत्युमुखी पडले. ही जीवितहानी या क्षेत्राच्या इतिहासात तळटीप म्हणून उरता कामा नये. सु. १,८८६ किमी. लांबीचा डकोटा ॲक्सेस नळमार्ग २०१७ मध्ये सुरू झाला. पिण्याच्या पाण्याला धोका आणि पवित्र स्थळांची हानी या कारणांवरून स्टँडिंग रॉक सू या मूळ अमेरिकी जमातीने २०१६ मध्ये त्याविरुद्ध मोठे आंदोलन केले होते.

समाज : नॉर्थ डकोटातील विलिस्टन शहराची लोकसंख्या २०१० मधील १४,७१६ वरून २०२० मध्ये २९,१६० झाली. लाटेच्या काळात घरे अपुरी पडल्याने हजारो कामगार तात्पुरत्या छावण्यांत राहत. मँडन, हिडात्सा व अरिकारा जमातींच्या फोर्ट बर्थोल्ड राखीव क्षेत्रातही पुष्कळ विहिरी आहेत. राज्याने २०१० मध्ये मतदारांच्या संमतीने वारसा निधी स्थापन केला असून तेल व वायूवरील करांचे ३० टक्के उत्पन्न त्यात जमा होते.