पार्श्वभूमी : फाउंड्रीतल्या सेफ्टी डेटा शीट आणि तीन वर्षांची अट

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या फाउंड्रीत आज सेफ्टी डेटा शीट (रसायनाचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारं माहितीपत्रक) तपासली जाते ती बहुतेक वेळा ग्राहकाचं ऑडिट तोंडावर आलं म्हणून. कायद्याचा धाक त्यामानाने कमी.

उद्यमनगरात ऑइल इंजिनांचं ओतकाम चाले त्या काळात रसायनं मोजकीच होती. पुढे वाळूचे साचे आणि कोअर (साच्यात पोकळीसाठी बसवायचे वाळूचे गाभे) घट्ट करणारी रेझिन आली. शेल कोअर, मग कोल्ड बॉक्स, फ्युरान, अशा एकेक पद्धती. 1984 साली भोपाळ घडलं, 1987 मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं नवं प्रकरण आलं आणि कामगाराला माहितीचा हक्क मिळाला. 1989 च्या घातक रसायनांच्या नियमांनी डेटा शीट सक्तीची केली. त्यांचा नमुना आजच्या मानाने आटोपशीर होता. 2003 मध्ये संयुक्त राष्ट्रांची 16 विभागांची पद्धत आली, अमेरिकेने ती 2012 मध्ये स्वीकारली आणि ‘एमएसडीएस’ (मटेरियल सेफ्टी डेटा शीट) या जुन्या नावातला ‘एम’ गेला. निर्यातीचं कास्टिंग वाढलं तसे हे 16 विभाग आपल्याकडे रेझिन पुरवठादारांमार्फत पोचले. भारतातले नियम मात्र 1989 चेच.

इथून खरा घोळ सुरू होतो, तो तीन वर्षांच्या अटीचा. ‘शीट तीन वर्षांपेक्षा जुनी, नॉन-कन्फॉर्मिटी’ (म्हणजे त्रुटी) हा ऑडिटचा शेरा इथल्या बहुतेक सेफ्टी ऑफिसरांना पाठ आहे. 1989 च्या नियमांत अशी मुदतच नाही. महत्त्वाची नवी माहिती मिळाली की ती लवकरात लवकर शीटमध्ये घालायची आणि नोंद अचूक असल्याची खात्री कारखानदाराने करायची, एवढंच त्यांत आहे. अमेरिकेतही मुदत नव्या माहितीपासून मोजतात, तीन महिन्यांची. ठरावीक तीन वर्षं होती ती कॅनडाच्या जुन्या नियमांत, आणि 2015 मध्ये तिथूनही ती गेली. आपल्याकडे ती चेकलिस्टमधून शिरली आणि मुक्कामाला राहिली. मग पुरवठादाराला मेल जातो, नव्या तारखेची पीडीएफ येते, आत एक ओळही बदललेली नसते आणि शेरा बंद होतो. अट घालणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पण तिने तपासणीचा जीव काढून घेतला, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण चूक तारखेत क्वचितच असते. फ्युरानचंच घ्या. रेझिनमध्ये फर्फ्युरिल अल्कोहोल, कॅटॅलिस्ट म्हणजे सल्फॉनिक आम्ल. वाळूत योग्य क्रमाने मिसळले तर साचा घट्ट होतो. थेट एकमेकांत पडले तर प्रचंड उष्णता निघून स्फोटासारखी प्रतिक्रिया होते. शीट दोन, कधी पुरवठादारही दोन. रेझिनच्या शीटमध्ये दहाव्या, प्रतिक्रियांच्या विभागात ‘तीव्र आम्लांपासून दूर ठेवा’ एवढंच. ते आम्ल शेजारच्याच ड्रममध्ये आहे, हे स्टोअरमध्ये उभं राहून दोन्ही शीट हातात घेतल्याशिवाय कळणार नाही.

कोल्ड बॉक्समध्ये कोअर घट्ट करायला वायुरूपात सोडतात त्या अमाइनचंही तसंच. फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते ते) शून्य अंशाखाली, म्हणून आगीचा विभाग सगळे वाचतात. पण कोअर शॉपमधला माणूस पाळी संपताना ‘दिव्याभोवती निळसर कडं दिसतं’ म्हणतो, तेव्हा तो डोळ्यांवरचा अमाइनचा परिणाम असतो; वायू गळतोय किंवा तो शोषून घेणारा स्क्रबर नीट चालत नाही, हे आठव्या (संपर्क आणि संरक्षण) आणि अकराव्या (शरीरावरचे परिणाम) विभागाशी ताडून पाहायला हवं. शिवाय शीट असते ड्रममधल्या रेझिनची. वितळलेलं लोखंड साच्यात पडल्यावर निघणारा कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन, फॉर्मल्डिहाइड याबद्दल तिच्यात फार तर एक ओळ.

कामगारांना समजेल अशा भाषेत सूचना लावण्याची अट 1948 च्या कारखाना कायद्यातच होती. आता त्या कायद्याची जागा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्यविषयक संहितेने घेतली आहे. कोअर शॉपमध्ये बिहार-ओडिशाची मुलं आहेत. शीट इंग्रजीत, भिंतीवरचा सारांश असलाच तर मराठीत. ऑडिटच्या चेकलिस्टमध्ये भाषेचा रकाना मला अजून तरी दिसलेला नाही.