हरवलेल्या पोथ्यांची मोजदाद

'बेओवुल्फ' हे जुन्या इंग्रजीतलं महाकाव्य आपल्यापर्यंत पोचलं ते एकाच हस्तलिखितामुळे. १७३१ साली लंडनच्या ॲशबर्नम हाउसला आग लागली, तेव्हा त्याही पोथीच्या कडा करपल्या. ती जळून गेली असती, तर हे काव्य आज आपल्याला वाचायलाच मिळालं नसतं. मग ज्यांची एकही प्रत उरली नाही, अशा कथा किती असतील?

मध्ययुगीन युरोपात पोथ्या जनावरांच्या कातड्यावर लिहीत. कातडं चिवट आणि महाग, त्यामुळे पोथीचा वाचक संपला की पानं कापून दुसऱ्या पुस्तकांच्या बांधणीत घालत. जुन्या नॉर्वेजियन भाषेतल्या प्रेमकथांची काही पानं तर आइसलंडमध्ये एका बिशपच्या टोपीला ताठपणा देण्यासाठी वापरली गेली!

हरवलेल्या कथांचा अंदाज बांधायला संशोधकांनी पर्यावरणशास्त्रातलं सूत्र घेतलं. जंगलात पक्षी मोजताना पुष्कळ प्रजाती एकेकदाच दिसल्या, तर न दिसलेल्याही बऱ्याच असणार. बहुतेक पुन्हापुन्हा दिसल्या, तर थोड्याच राहिल्या असणार. तैवानच्या संख्याशास्त्रज्ञ ॲन चाओ यांनी याला गणिती रूप दिलं. एकदाच दिसलेल्या प्रजातींच्या संख्येचा वर्ग करायचा आणि दोनदा दिसलेल्यांच्या दुपटीने भागायचं. समजा, २० प्रजाती एकदा आणि १० दोनदा दिसल्या, तर ४०० भागिले २०, म्हणजे आणखी किमान २० नजरेतून सुटल्या. इथे कथा म्हणजे प्रजाती आणि तिची प्रत्येक उरलेली प्रत म्हणजे एकेक दर्शन.

२०२२ साली 'सायन्स' नियतकालिकात या पद्धतीने केलेला अभ्यास आला. फ्रेंच, जर्मन, डच, इंग्रजी, आयरिश आणि आइसलंडिक या सहा भाषांतल्या वीरकथा आणि प्रेमकथा त्यात घेतल्या होत्या. आज ७९९ कथा आणि त्यांची ३,६४८ हस्तलिखितं ज्ञात आहेत. मूळ कथा सुमारे १,१७० आणि हस्तलिखितं चाळीस हजारांवर असावीत, असं गणित निघालं. म्हणजे कथा ६८ टक्के वाचल्या, पण हस्तलिखितं जेमतेम ९ टक्के.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो भाषाभाषांतला फरक. आयरिश कथा ८१ टक्के टिकल्या, आइसलंडिक ७७ टक्के. इंग्रजी मात्र ३८ टक्केच. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर तिथल्या दरबारात फ्रेंचचा मान वाढला, इंग्रजी कथांना आश्रय कमी मिळाला, हे त्यामागचं एक कारण असू शकतं. आइसलंड आणि आयर्लंडमध्ये मोजक्याच कथांच्या ढीगभर प्रती असा प्रकार कमी होता. प्रती बऱ्याच कथांमध्ये समप्रमाणात विभागलेल्या होत्या, त्यामुळे काही प्रती नष्ट झाल्या तरी कथा टिकण्याची शक्यता वाढली. शिवाय आइसलंडमध्ये छपाई आल्यावरही लोक शतकानुशतकं हाताने नकला करत राहिले.

चाओंचं सूत्र किमान आकडा देतं, त्यामुळे प्रत्यक्ष नुकसान याहून मोठं असू शकतं. आणि ज्या कथा फक्त तोंडी सांगितल्या गेल्या, कधी कातड्यावर उतरल्याच नाहीत, त्या या मोजणीत येतच नाहीत.