एक वाघरू मारलं म्हणून गाव मोकळं होत नाही

'एक वाघ मारला की दहा वर्षं गावाला घोर नाही.' रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे वाक्य पिढ्यानपिढ्या ऐकू येतं. (आपल्याकडे वाघ म्हणजे बहुतेक वेळा बिबट्याच.) प्रत्यक्षात घडतं ते उलटंच.

जुना नर आपला इलाखा राखतो. झाडांवर ओरखडे काढतो, मूत्राच्या खुणा ठेवतो, परक्या नरांना दूर ठेवतो. तो मेला की जागा रिकामी पडते आणि हद्दीच्या शोधात भटकणारे तरणे नर तिकडे सरकतात. नवा नर आधीच्याची पिल्लं मारूही शकतो. नव्या जनावराला कुठल्या वाडीत कुत्रे आहेत, माणसांची वर्दळ कधी थांबते, काहीच ठाऊक नसतं. जुन्याला ते पाठ होतं.

पकडून लांब सोडण्यानेही भागत नाही. जुन्नरमध्ये 2001 ते 2003 या काळात बिबटे धरून दुसरीकडे सोडले, आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारांवरून सतरांवर गेले.

कोकणात बंदुकीपेक्षा फासकी जास्त घातक. दुचाकीच्या क्लचची तार, एक सरकगाठ, काजूच्या बागेच्या कडेला खुंटी. लावलेली असते डुकरासाठी, पण कमरेत अडकतो बिबट्या; सुटायला जितकी धडपड करतो तितकी तार आत रुतते. बरं, डुक्कर मेलं तर बिबट्याचं भक्ष्यच कमी झालं. मग गोठा आणि पडवीतला कुत्रा जवळचा.