गोव्यातील छोट्या कंपनीच्या संचालकाचा पगार: पात्रता, ठराव आणि कागदपत्रे

पती-पत्नी किंवा दोघे भाऊ मिळून चालवत असलेल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत संचालकांनी स्वतःला किती पगार द्यावा, यासाठी कोणत्याही सरकारी खात्याकडे अर्ज करावा लागत नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १९७ मधील निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांची मर्यादा केवळ पब्लिक कंपन्यांना लागू आहे. मंजुरी द्यायची ती संचालक मंडळाने आणि तिचा पुरावा जपायचा तोही कंपनीनेच. या मोकळिकीमुळेच बहुधा ठराव मागाहून लिहिले जातात आणि आयकर खात्याने विचारणा केली की अडचण होते.

केवळ संचालक असल्याने पगाराचा हक्क मिळत नाही. पगार घेणारी व्यक्ती व्यवस्थापकीय संचालक, पूर्णवेळ संचालक किंवा कंपनीशी नोकरीचा करार असलेली असावी आणि कंपनीच्या आर्टिकल्समध्ये (अंतर्गत नियमावलीत) मोबदल्याची तरतूद आहे की नाही, हे आधी पाहून घ्यावे. व्यवस्थापकीय किंवा पूर्णवेळ संचालकाचे वय २१ वर्षांपेक्षा कमी नसावे. ७० वर्षांनंतर विशेष ठराव लागतो. रोजचे काम न पाहणाऱ्या संचालकाला दिलेली रक्कम पगार ठरत नाही, तिच्यावर १० टक्के टीडीएस कापावा लागतो आणि कंपनीला रिव्हर्स चार्ज पद्धतीने (सेवा घेणाऱ्यानेच कर भरायचा, या रीतीने) १८ टक्के जीएसटीही भरावा लागतो. नोकरीच्या नात्याने दिलेल्या पगारावर जीएसटी नाही, हे १० जून २०२० च्या परिपत्रकाने स्पष्ट केले आहे.

प्रक्रियेची सुरुवात सात दिवसांच्या सूचनेने बोलावलेल्या मंडळाच्या बैठकीने होते. संबंधित संचालकाने एमबीपी-१ नमुन्यात आपला हितसंबंध उघड करावा; तसे केल्यावर खासगी कंपनीत त्याला चर्चेत भाग घेता येतो आणि तो गणपूर्तीतही धरला जातो. दोनच संचालक असलेल्या कंपन्यांना ही सवलत अत्यावश्यक आहे, परंतु जून २०१७ पासून ती वार्षिक विवरणपत्रे वेळेवर दाखल करणाऱ्या कंपन्यांपुरतीच आहे. ठरावात पद, मासिक रक्कम, भत्ते आणि लागू होण्याची तारीख स्पष्ट लिहावी व इतिवृत्त ३० दिवसांत पूर्ण करावे. पद बदलत असल्यास डीआयआर-१२ आणि व्यवस्थापकीय संचालकाची नेमणूक किंवा त्याच्या अटींतील बदल असल्यास एमजीटी-१४, हे फॉर्म ३० दिवसांत एमसीएच्या (केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर भरायचे असतात. पणजीच्या कंपनी निबंधक कार्यालयात कागद घेऊन जाण्याची गरज नाही.

रक्कम ठरवताना गोव्यातील जोडप्यांनी एक गोष्ट विशेष पाहावी, कारण इतर राज्यांतील हिशेबाचे नमुने येथे जसेच्या तसे चालत नाहीत. पोर्तुगीज नागरी संहितेनुसार ज्यांची मालमत्ता समाईक आहे, अशा पती-पत्नींचे पगाराखेरीज इतर सर्व उत्पन्न आयकर कायदा, १९६१ च्या कलम ५-ए नुसार दोघांत निम्मे विभागले जाते. पगार मात्र ज्याने कमावला त्याच्याच नावे राहतो. म्हणजे तीच रक्कम लाभांश म्हणून आली तर दोघांच्या विवरणपत्रांत अर्धी-अर्धी दिसते. केवळ गोव्यात राहत असल्याने हे कलम लागू होत नाही आणि विवाहापूर्वीच्या कराराने मालमत्ता वेगळी ठेवलेल्या दांपत्यालाही ते लागू नाही. (१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू असल्याने त्यानंतरच्या उत्पन्नासाठी कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, येथे ओळखीचे जुने क्रमांक दिले आहेत.)

समजा, संचालकाचा पगार वजा करण्यापूर्वी कंपनीचा नफा १८ लाख रुपये आहे, सर्व भाग (शेअर) या दांपत्याचेच आहेत आणि दोघांनाही दुसरे उत्पन्न नाही. पगार न घेता सारे लाभांशातून घेतल्यास आयकर कायद्याच्या कलम ११५बीएए खालील (कंपन्यांसाठीच्या सवलतीच्या) २५.१६८ टक्के दराने कंपनी ४,५३,०२४ रुपये कर भरते. उरलेले प्रत्येकी पावणेसात लाखांच्या आत येत असल्याने २०२५-२६ च्या नव्या कररचनेत दोघांनाही कर लागत नाही. पतीने १२ लाख पगार घेतल्यास ७५ हजारांची प्रमाणित वजावट व १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला असलेली करातील सूट मिळून त्याचा कर शून्य होतो आणि कंपनीचा कर १,५१,००८ रुपयांवर येतो. मात्र उरलेला नफाही त्याच वर्षी लाभांश म्हणून वाटला, तर त्यातील निम्मा पतीच्या उत्पन्नात मिळून ते १२ लाखांच्या पुढे जाते, सूट जाते आणि सुमारे ८६ हजारांचा कर बसतो. पगार शून्य ठेवणे त्यामुळे क्वचितच फायद्याचे ठरते, पण पगार आणि लाभांश यांचा विचार एकत्रच करायला हवा.

पत्नीलाही पगार द्यायचा असल्यास ती खरोखर काम करत असावी. कंपनीत पतीचा २० टक्के किंवा अधिक हिस्सा असताना पत्नीचा पगार तिच्या तांत्रिक वा व्यावसायिक पात्रतेमुळे मिळत नसेल, तर कलम ६४ नुसार तो पतीच्या उत्पन्नात मिळवला जाऊ शकतो. पगाराचा कामाच्या मानाने अवाजवी वाटणारा भाग कलम ४०ए(२) खाली कंपनीला खर्च म्हणून नाकारलाही जातो. त्याच दर्जाच्या बाहेरच्या व्यवस्थापकाला बाजारात काय मिळते, त्याची टिपणी ठरावासोबत ठेवलेली बरी.

पर्यटनाच्या हंगामावर चालणाऱ्या कंपन्यांसाठी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. पगार हातात आला नाही तरी देय होताच तो करपात्र ठरतो, म्हणून पावसाळ्यात पैसे नाहीत या कारणाने देय झालेला पगार मागाहून सोडून दिला तरी कर चुकत नाही. मासिक रक्कम बेताची ठेवून हंगामानंतरच्या नफ्यावर कमिशन देण्याची अट आधीच ठरावात घालणे अधिक सुरक्षित आहे. पगाराऐवजी कंपनीकडून उचल घेण्याचा मार्ग मात्र टाळावा. कंपनी कायद्याचे कलम १८५ संचालकाच्या कर्जावर बंधने घालते आणि १० टक्के मताधिकार असलेल्या भागधारकाला दिलेले कर्ज आयकरात लाभांश मानले जाऊ शकते.

फाइलमध्ये ठरावाची प्रमाणित प्रत, नेमणुकीचा करार, एमबीपी-१, पॅन, कंपनीचा टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक), दरमहाच्या पगारपावत्या, बँकेतून रक्कम दिल्याच्या नोंदी, टीडीएसची चलने व त्रैमासिक विवरणपत्रे असावीत. गोव्यात व्यवसाय कर नसल्याने महाराष्ट्रातील पगारपत्रकाचा नमुना वापरल्यास ती कपात काढून टाकावी. छोट्या कंपनीच्या एमजीटी-७ए या वार्षिक विवरणपत्रामध्ये संचालकांच्या मोबदल्याची एकत्रित रक्कम दाखवायची असते आणि ती हिशेबपत्रकांशी जुळायला हवी. संचालकाला आयटीआर-१ भरता येत नाही. कलम ५-ए लागू असल्यास आयटीआर-२ मधील त्या कलमाच्या परिशिष्टात जोडीदाराचा पॅन आणि विभागलेले उत्पन्न भरावे लागते.