पार्श्वभूमी : ब्लॅकबर्नचे मालक पुण्यात राहतात

7 मे 2012. ईवुड पार्क या घरच्या मैदानावर ब्लॅकबर्न रोव्हर्स विरुद्ध विगन. हरलं तर इंग्लिश फुटबॉलच्या सर्वात वरच्या प्रीमियर लीगमधून बाहेर, असा सामना. खेळ चालू असतानाच कोणीतरी मैदानात एक जिवंत कोंबडी सोडली. तिच्या अंगावर क्लबचा निळा-पांढरा झेंडा गुंडाळलेला. बिचारी इकडून तिकडे धावत राहिली, शेवटी तिला पकडून बाहेर नेलं. अगदी अखेरीस विगनने गोल केला, 1-0. सलग अकरा मोसम वरच्या फळीत काढलेला क्लब खाली घसरला. दुसऱ्या दिवशी जगभरच्या पेपरांत फोटो होता तो कोंबडीचा.

कोंबडीच का, हे पुणेकरांना सांगायला नको. रोव्हर्सची मालकी वेंकीजकडे, म्हणजे डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज या नावाने सुरू केलेल्या समूहाकडे. पुण्यातून कारभार चालवणाऱ्या या घराण्याचं नाव अंडी-चिकनच्या धंद्यात देशभर ठाऊक आहे. त्यांनी इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातला एक फुटबॉल क्लब का घेतला आणि तिथले लोक त्यांच्यावर इतके का भडकले, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचं गाव. स्पिनिंग जेनी बनवणारा जेम्स हारग्रीव्हज इथल्याच परिसरातला. एकोणिसाव्या शतकात इथल्या मागांवर मुख्यतः हिंदुस्थानच्या बाजारासाठी कापड विणलं जाई. धोतरं, चक्क. आपल्या पणजोबांच्या पिढीने नेसलेलं एखादं धोतर ब्लॅकबर्नचं असणं सहज शक्य आहे. हा बाजार राखण्यासाठी लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी लंडनवर दबाव आणला, आणि 1896 मध्ये मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला. पुण्यात 1905 च्या ऑक्टोबरमध्ये सावरकरांनी विदेशी कापडाची होळी केली, ती याच मालाविरुद्ध. गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेलेले गांधीजी 1931 मध्ये ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनमध्ये मुद्दाम राहिले. बहिष्कारामुळे काम गेलेल्या गिरणी कामगारांना भेटायला. त्या कामगारांनी त्यांचं स्वागतच केलं. त्या भेटीचा फोटो अजून निघतो, हसऱ्या बायकांच्या घोळक्यात पंचा नेसलेले गांधीजी.

फुटबॉल आलं ते याच गिरण्यांच्या भोंग्याबरोबर. रोव्हर्सची स्थापना 1875 ची, आणि तेव्हाचे संस्थापक शिकलेले तरुण, बऱ्या घरचे. पण 1883 मध्ये गावातल्याच दुसऱ्या संघाने, ब्लॅकबर्न ऑलिंपिकने, ईटन या बड्या घरच्या मुलांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना हरवून एफए कप, म्हणजे फुटबॉल असोसिएशनचा चषक, उचलला. संघात विणकर, कामगार. सरदारांचा खेळ मजुरांच्या हातात, खरं तर पायात, आला तो इथे. पुढची सलग तीन वर्षं कप रोव्हर्सचा. खेळाडूंना पगार द्यायला 1885 मध्ये अधिकृत परवानगी मिळाली, 1888 मध्ये लीग सुरू झाली आणि तिच्या बारा संस्थापकांत रोव्हर्स होतेच.

मालकीचा प्रश्न तेव्हापासूनचा. पगार द्यायचे म्हणजे भांडवल हवं, म्हणून क्लब लिमिटेड कंपन्या झाले. पण क्लब हा दुभती गाय नव्हे, या समजुतीने फुटबॉल असोसिएशनने लाभांशावर मर्यादा घातली आणि संचालकांना पगार घ्यायची बंदी केली. गावातला दुकानदार, ब्रुअरीवाला, गिरणीमालक संचालक व्हायचा तो मानासाठी. 1983 मध्ये लंडनच्या टॉटनहॅम क्लबने वर एक होल्डिंग कंपनी काढून ती शेअर बाजारात नेली आणि या नियमाला बगल दिली. पुढे ज्याच्याकडे पैसा त्याचा क्लब, असं झालं. 2003 ला चेल्सी रशियन अब्जाधीशाकडे, 2005 ला मँचेस्टर युनायटेड ग्लेझर कुटुंबाकडे, तेही क्लबच्याच डोक्यावर कर्ज ठेवून.

ब्लॅकबर्नकडे याच्या आधीच एक धनी होता, पण तो घरचा. जॅक वॉकर. जन्म इथलाच, वडिलांचा छोटा पत्र्याचा धंदा वाढवत त्याने वॉकरस्टील उभी केली, 1989 मध्ये ब्रिटिश स्टीलला विकली आणि 1991 मध्ये ज्या क्लबचा तो लहानपणापासून चाहता होता तोच घेतला. केनी डालग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं, ॲलन शिअररला आणि नंतर ख्रिस सटनला त्या वेळच्या ब्रिटिश विक्रमी रकमा मोजून घेतलं, ईवुडचे तीन स्टँड नव्याने बांधले. 14 मे 1995 ला रोव्हर्स अँफील्डवर लिव्हरपूलकडून हरले, पण तिकडे मँचेस्टर युनायटेड वेस्ट हॅमशी बरोबरीत अडकली आणि विजेतेपद ब्लॅकबर्नचं झालं, 81 वर्षांनी. पैशाने घेतलेलं विजेतेपद म्हणून लोक नाकं मुरडतात. मुरडोत. पैसा वॉकरचा होता आणि वॉकर स्टँडमध्ये बसलेला होता, रडताना सगळ्यांनी पाहिला.

युरोपात मात्र या पैशाची डाळ शिजली नाही. आदल्याच मोसमात यूएफा कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत ट्रेलेबोर्ग या स्वीडनच्या अर्धव्यावसायिक खेळाडूंनी त्यांना पहिल्याच फेरीत घरी पाठवलं होतं. 1995-96 च्या चॅम्पियन्स लीगमध्ये गटात स्पार्टाक मॉस्को, लेगिया वॉर्सा आणि रोझेनबोर्ग. कागदावर सोपा गट. पहिल्या पाच सामन्यांत एक गुण! मॉस्कोच्या थंडीत सामन्याच्या सुरुवातीलाच डेव्हिड बॅटी आणि ग्रॅम ल सो, दोघेही रोव्हर्सचेच, चेंडूसाठी एकमेकांवर आदळले आणि भर मैदानात त्यांची जुंपली. सहकाऱ्याला ठोसा मारून ल सोने स्वतःचाच हात दुखावून घेतला. इतकं सगळं झाल्यावर शेवटच्या सामन्यात रोझेनबोर्गला 4-1 ने हरवलं, माइक न्यूवेलने नऊ मिनिटांत हॅटट्रिक ठोकली. वरातीमागून घोडं. तरीही ईवुडचा जुना प्रेक्षक ट्रेलेबोर्ग आणि मॉस्को आठवून आज हसतो, कारण तेव्हा निदान हरायला युरोपात तरी जायला मिळत होतं. 2007 नंतर तेही नाही.

वॉकर 2000 मध्ये गेला. कुटुंबाच्या ट्रस्टने काही वर्षं पैसा पुरवला, मग गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली. नोव्हेंबर 2010 मध्ये वेंकीजने 2 कोटी 30 लाख पौंडांना क्लब घेतला. पहिला भारतीय मालक म्हणून इकडे कौतुकाच्या बातम्या झाल्या. महिन्याभरात संघ तेराव्या स्थानावर असताना मॅनेजर सॅम ॲलर्डाइसला काढलं आणि प्रशिक्षकांच्या ताफ्यातल्या, कधीच मुख्य मॅनेजर न झालेल्या स्टीव्ह कीनला बसवलं. ब्राझीलच्या रोनाल्डिन्होला आणण्याच्या गोष्टी झाल्या. जुना अध्यक्ष जॉन विल्यम्स निघून गेला. ड्रेसिंग रूममध्ये खेळाडू चिकन खाताहेत अशी जाहिरात निघाली, तिची आजही टिंगल होते. ऑक्टोबर 2011 मध्ये संघ पुण्यात बालेवाडीला मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला, तेव्हा तिकडे कीनविरुद्ध मोर्चे निघत होते. पुढे एकाच मोसमात मॅनेजर म्हणून हेनिंग बर्ग 57 दिवस आणि मायकल ॲपलटन 67 दिवस टिकले. 2017 मध्ये गोलफरकाने तिसऱ्या श्रेणीत घसरण झाली. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबवर ही पाळी पहिल्यांदाच आली. वर्षभरात ते परत वर चढले, एवढं खरं.

राव कुटुंबाने क्लब लुटला, असं म्हणणारा हिशेब पाहत नाही. त्यांनी तोटा भरून काढत 20 कोटी पौंडांच्या वर ओतले आहेत, नफा शून्य. माझं म्हणणं वेगळं आहे. उंटावरून शेळ्या हाकल्या गेल्या. सुरुवातीला फुटबॉल न कळता एजंटांच्या सल्ल्यावर भिस्त ठेवली, शिव्या पडू लागल्यावर मैदानाकडे येणंच सोडल्यासारखं केलं. वॉकर चुकला असता तर कुणीही त्याला गाठून तोंडावर सांगितलं असतं. पुण्याला सांगायला कोण जाणार?

राजकारण या क्लबपासून कधीच लांब नव्हतं. बार्बरा कॅसल 1945 पासून 1979 पर्यंत इथल्या खासदार, मग 2015 पर्यंत जॅक स्ट्रॉ, रोव्हर्सचे पक्के चाहते. परराष्ट्रमंत्री असताना 2006 मध्ये त्यांनी अमेरिकेच्या कोंडोलीझा राइस यांना ईवुड पार्क दाखवायला आणलं, तेव्हा इराक युद्धाच्या निषेधाच्या घोषणा झाल्या आणि मशिदीतली भेट रद्द करावी लागली. गिरण्यांत कामाला आलेल्या गुजराती आणि पाकिस्तानी मुस्लिमांची वस्ती गावात मोठी आहे. 2024 च्या निवडणुकीत गाझाच्या मुद्द्यावर अपक्ष अदनान हुसेन यांनी 132 मतांनी मजूर पक्षाची ही जागा घेतली.

आणि आता मालकीचं राजकारण दिल्लीपर्यंत पोचलं. ईडीच्या चौकशीमुळे 2023 पासून क्लबला पैसे पाठवायचे तर दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि तितक्याच रकमेची बँक हमी, असं होऊन बसलं. पैसा पुण्यात असून ईवुडवर चणचण. फेब्रुवारी 2024 मध्ये स्वतःच्या अकादमीतला खेळाडू ॲडम व्हॉर्टन क्रिस्टल पॅलेस या क्लबला विकावा लागला, काही महिन्यांत तो युरो स्पर्धेसाठीच्या इंग्लंडच्या संघात होता. ब्लॅकबर्नचा चाहता दिल्लीतल्या सुनावणीच्या तारखा पाठ करू लागला. एकेकाळी मुंबईचे गिरणीवाले लंडनच्या संसदेकडे असेच डोळे लावून बसत.

2021 मध्ये बड्या क्लबांचा स्वतःची वेगळी सुपर लीग काढण्याचा डाव फसल्यावर सरकारने चाहत्यांच्या बाजूने चौकशी नेमली. तिच्यातून जुलै 2025 मध्ये कायदा झाला आणि इंग्लिश फुटबॉलला स्वतंत्र नियामक मिळाला. मालकाकडचा पैसा कुठून येतो हे तो तपासणार, आणि क्लबचं चिन्ह किंवा घरच्या जर्सीचा रंग बदलायचा तर चाहत्यांचं मत घ्यावं लागणार. मालकाने वर्षातून एकदा तरी स्टँडमध्ये येऊन बसावं, असं कलम त्यात नाही.