शेततळं कोणतं आणि साठवणतळं कोणतं?

उंच बांध, आत काळा किंवा निळा प्लास्टिकचा कागद, भोवती तारेचं कुंपण. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात एसटीच्या खिडकीतून दर दोन-चार शेतांआड दिसणारं हे तळं तुमच्या चांगल्या ओळखीचं आहे, म्हणून त्याचं वर्णन इथेच थांबवतो. उताराच्या खालच्या टोकाला खणलेला, पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवणारा साधा खड्डा मात्र फारसा कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. आपण दोघांनाही शेततळंच म्हणतो. मग टंचाईचं वर्ष आलं की तेच वाक्य ऐकू येतं: 'गावात इतकी शेततळी झाली, तरी पाणी कसं आटलं?' काही गावांत पाणी आटलं ते तळी झाली म्हणूनच, हे कुणी बोलत नाही.

लांबी-रुंदी, खोली, मासे सोडायचे की नाही, हे सगळे किरकोळ फरक आहेत. कागद हासुद्धा खरा फरक नाही, आणि नेमकी इथेच बहुतेकांची गफलत होते. कागदाचं ते पक्कं आणि बिनकागदाचं ते कच्चं, असं समजून आपण मोकळे होतो. विचारायला हवं ते वेगळंच: तळ्यात पाणी आलं कुठून, आणि कोणत्या महिन्यात आलं?

हिशेब मांडून बघू. वरून ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंना एकास एक उतार, असं तळं धरा. त्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर असेल, तर या तळ्यावर थेट पडणारं पाणी होतं साडेचार लाख लिटर, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा. उरलेले साडेसतरा लाख लिटर कुठूनतरी यायला हवेत. उतारावरच्या तळ्यात ते शेतावरून वाहत येतात. त्यासाठी बांधाला पाणी आत येण्याची वाट असते, तिच्या तोंडाशी गाळ अडवणारा छोटा खड्डा असतो आणि जादा पाण्यासाठी सांडवा असतो. कागदाच्या तळ्याचा बांध जमिनीपासून वर उचललेला असतो. शेतातलं पाणी त्यावर चढणार कसं? तिथे पाइप येतो, आणि पाइपाच्या दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा बोअर किंवा विहीर असते.

पावसाळा सरला, विहिरी भरल्या की वीज असेल तेवढा वेळ मोटर चालते आणि जमिनीतलं पाणी वर आणून उन्हात मांडलं जातं. उघड्या पाण्याची रोज ६ मिलिमीटर वाफ धरली, तरी भरलेल्या तळ्यातून दिवसाला ५,४०० लिटर उडतात, महिन्याला दीड लाखाच्या वर. जमिनीखाली हे पाणी सावलीत होतं. शिवाय ते एकट्याचं नव्हतं. आपल्या बहुतेक महाराष्ट्राखाली बेसाल्ट आहे. पाणी धरतो तो मुख्यतः वरचा झिजलेला, मुरमाड थर आणि खडकातल्या भेगा, आणि हे साठे मोठे नसतात. एकाच थरावर पाच जणांच्या विहिरी असल्या आणि एकाने डिसेंबरातच आपलं तळं भरून घेतलं, तर बाकीच्या चौघांची रब्बी फेब्रुवारीत उघडी पडते. कागदाखालून थेंबभरही मुरत नाही, तरी अशा तळ्यांच्या उद्घाटनाच्या फलकावर 'भूजल पातळीत वाढ' लिहिलेलं मी पाहिलं आहे. त्या तीन शब्दांचा मला मनापासून राग येतो.

म्हणून मी बोअरवर भरलेल्या तळ्याला शेततळं म्हणत नाही, साठवणतळं म्हणतो. गावाच्या पाण्याच्या ताळेबंदात उतारावरचं तळं जमेला येतं. साठवणतळं खर्चाच्या बाजूला लिहायला हवं, कारण ते भरतानाच तेवढं पाणी विहिरींतून वजा झालेलं असतं. हिवरे बाजारला शेतीसाठी बोअर घ्यायचीच नाही असा गावाचा नियम आहे, आणि तिथे दरवर्षी उपलब्ध पाणी मोजून पिकं ठरतात. पाण्याचा असा सामाईक हिशेब ठेवणारं गाव साठवणतळ्यांची संख्या अभिमानाने सांगणार नाही.

बागायतदाराला मी खलनायक ठरवत नाही. डाळिंबाची बाग एका उन्हाळ्यात वाळली तर अनेक वर्षांची मेहनत जाते, आणि 'मी नाही उपसलं तर शेजारी उपसेल' ही भीती खरी आहे. पण तळ्याला अनुदान देताना पाणी कुठून येणार हे विचारलंच गेलं नाही, तर ती भीती सरकारी पैशाने वाढते.

दुसरी तक्रार अगदी उलट बाजूची. 'आमच्या शेततळ्यात पाणी थांबत नाही, योजना फसली.' अहो, मुरमात खणलेलं बिनकागदाचं तळं पाझरणारच, आणि ते पाणी तुमच्याच विहिरीच्या दिशेने चाललेलं असतं! त्या तळ्याचं काम मे महिन्याचं नाही, ऑगस्टचं आहे. पावसात तीन आठवड्यांचा खंड पडला आणि सोयाबीन शेंगा भरताना माना टाकायला लागलं, की एकरी ५ सेंटिमीटरचं एक पाणी लागतं. ते होतं दोन लाख लिटर. तळं अर्धं जरी भरलेलं असलं, तरी पाच एकर वाचतं. राज्यातली सुमारे चार पंचमांश शेती कोरडवाहू आहे. तिला मे महिन्यातल्या बागेपेक्षा ऑगस्टमधलं हे एक पाणी जास्त मोलाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

जालना जिल्ह्यातलं कडवंची बघायला लोक जातात आणि तळ्यांचे, द्राक्षांचे फोटो घेऊन परततात. तिथे नव्वदच्या दशकात आधी पाणलोटाची कामं झाली, माथ्यापासून पायथ्यापर्यंत. द्राक्ष आणि तळी त्यानंतर आली. हा क्रम फोटोत दिसत नाही.

तुमच्याकडे कागदाचं तळं आधीच असेल तर ते बुजवा असं मी म्हणणार नाही. ओढा जवळ असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये तो वाहता असतानाच त्याचं पाणी उचलून तळं भरा, आणि नोव्हेंबरनंतर बोअरची मोटर तळ्यात सोडू नका. ओढ्याला पूर असताना भरलेलं तेच कागदाचं तळं माझ्या लेखी शेततळंच आहे. ओढा नसेल, तर कागदाचा खर्च करण्याआधी शेताच्या खालच्या कोपऱ्यात पहिल्या मोठ्या पावसात उभे राहा आणि पाणी कुठून बाहेर पडतं ते बघा. खड्डा तिथे घ्या.