ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीचे टायर: चारही चाकांचा हिशेब एकत्र

साध्या गाडीचा एक टायर फाटला की आपण तेवढाच बदलतो, फार तर जोडी. बीएमडब्ल्यू एक्स५ सारख्या ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाडीत हाच हिशेब महागात पडू शकतो, आणि त्याचं कारण शाळेतल्या भूमितीत सापडतं.

एक्स५ला बसणारं एक माप घेऊ: २७५/४५ आर२०. रुंदी २७५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम २० इंची. यावरून व्यास येतो सुमारे ७५५ मिलिमीटर आणि परीघ २.३७ मीटर. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. समजा पुढची जोडी झिजून ४ मिलिमीटरवर आली आहे आणि मागे नवी कोरी जोडी बसवली. पुढच्या टायरचा परीघ आता २५ मिलिमीटरने कमी भरतो. म्हणजे पुढची चाकं दर किलोमीटरला साडेचार फेरे जास्त घेणार. मुंबई ते पुणे प्रवासात हा आकडा पावणेसातशेच्या आसपास जातो. प्रत्यक्षात फरक याहून काहीसा कमी पडतो, कारण नक्षीखालचा पोलादी पट्टा झिजत नाही आणि एका फेऱ्यात चाक किती अंतर कापणार हे बरंचसं तो पट्टा ठरवतो. पण फरक उरतोच.

वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात, ते सोसायची सोय गाडीत असते. एक्स५मध्ये हे काम ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीतला), तेलात भिजलेल्या अनेक चकत्यांचा क्लच करतो. पुढच्या चाकांना ताकद हवी असली की चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. वळण संपलं की वेगातली तफावतही संपते. टायरच लहानमोठे असतील तर मात्र सरळ एक्सप्रेसवेवरही चकत्या घासत राहतात, तेल तापतं, झीज वाढते. म्हणून चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि शक्यतो एकाच वेळी घेतलेले असावेत. बाकीचे तीन जवळजवळ नवे असतील तर एकट्या टायरवर भागतं; किती फरक चालेल, हे गाडीच्या पुस्तिकेत किंवा सर्व्हिस सेंटरला विचारून ठरवावं. दोन टायरचे पैसे वाचवण्यासाठी ट्रान्सफर केस पणाला लावणं मला अजिबात पटत नाही.

काही गाड्यांना मागे जास्त रुंद टायर असतात. तिथे पुढचे-मागचे अदलाबदल करता येत नाहीत, त्यामुळे झिजेवर जास्त लक्ष हवं. चारही सारखे असतील तर दर आठ-दहा हजार किलोमीटरला जागा बदलून घ्या, झीज समान राहते.

मापाच्या पुढे ‘११०वाय’ असं काही लिहिलेलं असतं. ११० म्हणजे एका टायरवर १०६० किलो भार, वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतचा वेग. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी कधीही घेऊ नये. बाजूवर छोटा तारा दिसला तर तो टायर बीएमडब्ल्यूने आपल्या गाडीसाठी तपासून मान्य केलेला असतो. मर्सिडीजसाठी ‘एमओ’, ऑडीसाठी ‘एओ’ अशी खूण असते.

एक गैरसमज जिवावर बेतू शकतो, म्हणून स्पष्ट लिहितो. चारही चाकांना ताकद मिळते ती गाडी पुढे न्यायला. ब्रेक लावताना तिचा उपयोग नाही. दोन-सव्वादोन टनांची गाडी रस्त्याला टेकते ती प्रत्येक चाकाखालच्या जेमतेम पंजाएवढ्या जागेवर. भर पावसात खंडाळ्याचा घाट उतरताना तेवढ्या जागेतून पाणी बाहेर फेकायचं काम नक्षीच्या खाचा करतात. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत टायर चालतो, पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याआधीच बरीच घटलेली असते. माझं मत विचाराल तर ३ मिलिमीटरला, पावसाळ्याआधीच बदला.

रबराचं मिश्रणही बघावं. ‘समर’ टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या वर उत्तम काम करतं, आणि महाराष्ट्रात पारा त्याखाली क्वचितच जातो. त्यामुळे ओल्या-कोरड्या दोन्ही रस्त्यांवर आपल्याला समरच योग्य. दणकट दिसतात म्हणून जाड ठोकळ्यांचे चिखलाचे टायर शहरातल्या गाडीला बसवू नयेत. ते आवाज करतात आणि ओल्या डांबरावर कमी धरतात.

मूळ टायर रनफ्लॅट असतील तर गाडीत बहुधा स्टेपनी नसते. हवा गेल्यावरही ते ताशी ८० किलोमीटरच्या आत, साधारण ८० किलोमीटर नेतात. साधे टायर घेतले तर गाडी मऊ चालते, पण पंक्चरची सोय आपल्याला करावी लागते.

जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन घातलं. मोठ्या मापाचे, विशिष्ट खुणेचे टायर दुकानात तयार मिळतीलच असं नाही, म्हणून चौकशी महिनाभर आधी सुरू करा. घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा: ३५२४ म्हणजे टायर बनला तो २०२४ सालचा ३५वा आठवडा. चारही टायर शक्यतो एकाच सुमाराचे मागा. नव्या रबरावर कारखान्यातला गुळगुळीत थर असतो, तेव्हा पहिले काहीशे किलोमीटर गाडी जरा सांभाळूनच चालवा.